बॅनरवर फोटो कुणाचा?

प्रश्न : ताई, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात शिकवतो. आम्ही काही शिक्षक आणि माजी विद्यार्थी मिळून मुक्त सॉफ्टवेअरचा एक गट चालवतो. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम टाकून देणं, जिल्हा परिषदेच्या शाळांना मदत करणं आणि दर सप्टेंबरात ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ साजरा करणं, असं आमचं काम. बॅनरवर दरवर्षी मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांचा मोठा फोटो असतो. यंदा गटातल्या दोन मुलींनी सांगितलं की तो फोटो असेल तर आम्ही सूत्रसंचालन करणार नाही. त्यांनी स्टॉलमन यांची जुनी वक्तव्यं वाचली आहेत. उलट आमचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य, जे दरवर्षी हॉलचं भाडं स्वतः भरतात, म्हणतात, “ज्याने चळवळ जन्माला घातली त्यालाच घराबाहेर काढणार असाल, तर माझे पैसेही बाहेर.” मला दोघंही हवेत. फोटो ठेवू की काढू? – एक शिक्षक

उत्तर : नमस्कार सर,

फोटो काढा. एवढंच उत्तर हवं असेल तर इथे थांबलात तरी चालेल. पण तुम्हाला ते ज्येष्ठांच्या गळी उतरवायचं आहे, आणि त्या दोन मुलींशीही एकदा बोलायला हवं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्येष्ठांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, जिथे स्टॉलमन काम करत, झेरॉक्सचा लेझर प्रिंटर आला. त्याचा कागद अडकला की सगळ्यांना कळावं एवढी साधी सोय स्टॉलमनना त्यात करायची होती. सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ लिहिलेला मजकूर, मागितला तर नकार मिळाला. आपल्यासारख्याने दोन शिव्या हासडून विषय सोडून दिला असता. या गृहस्थांनी २७ सप्टेंबर १९८३ ला जाहीर केलं की ‘जीएनयू’ नावाची एक अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने लिहितो आणि सगळ्यांना देऊन टाकतो. १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं, १९८९ मध्ये जीपीएल हा, मुक्त कोड पुढे वाटतानाही मुक्तच ठेवायला लावणारा परवाना आणला. तुम्ही शाळांमध्ये जे लिनक्स टाकून देता, त्याच्या पोटात आजही या कामाचा मोठा हिस्सा आहे. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं ज्या कॉम्प्युटरवर शिकतात, तेही त्याच झाडाचं फळ. २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाची सुरुवात झाली तेव्हा स्टॉलमन स्वतः तिथे होते. हे ऋण नाकारायचं कारण नाही आणि मुलीही ते नाकारत नसतील, असं मला वाटतं. विचारून बघा.

ज्येष्ठांच्या मनात आणखी एक भीती असणार, बोलून दाखवोत वा न दाखवोत. हा हट्टी माणूस बाजूला झाला की चळवळ कंपन्यांच्या खिशात जाईल. ही भीती खरी आहे. २०१९ मध्ये वादामुळे बाहेर पडलेले स्टॉलमन २०२१ मध्ये फाउंडेशनवर परत आले म्हणून रेड हॅट या लिनक्स विकणाऱ्या कंपनीने फाउंडेशनची मदत थांबवली आणि नैतिकतेची बाजू घेतली. त्याच रेड हॅटने जून २०२३ मध्ये आपल्या मुख्य लिनक्सचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवणं बंद करून तो ग्राहकांपुरता केला. तेव्हा स्टॉलमनना हटवा म्हणणारे सगळे सोवळे होते, असं कुणी सांगू लागलं तर मीही तुमच्या ज्येष्ठांच्या शेजारी बसून हसेन.

पण हसून झालं की मुद्दा राहतोच.

मुलींना काय खटकलं, ते नीट समजून घ्या. ज्येष्ठांनाही ते नीट सांगा, कारण अशा भांडणात दोन्ही बाजू निम्मीच गोष्ट वाचून आलेल्या असतात. सप्टेंबर २०१९ मध्ये जेफ्री एपस्टीन या, अल्पवयीन मुलींच्या लैंगिक शोषणाचा आरोप असलेल्या अमेरिकी धनिकाच्या प्रकरणावरून एमआयटीत वातावरण तापलं होतं. एका पीडितेच्या साक्षीत दिवंगत शास्त्रज्ञ मार्विन मिन्स्की यांचं नाव आलं होतं. मिन्स्की म्हणजे ज्या प्रयोगशाळेत स्टॉलमन वाढले तिच्या संस्थापकांपैकी एक. स्टॉलमननी विभागाच्या ईमेल यादीवर ‘अत्याचार’ या शब्दाला हरकत घेतली. मुलगी १७ वर्षांची की १८ ची आणि घटना कुठल्या देशात घडली, यावर गुन्ह्याचं नाव ठरावं का, याचाही कीस काढला. ते ईमेल बाहेर आले. काही बातम्यांनी तर त्यांनी ती मुलगी ‘राजीखुशी’ होती असं म्हटल्याचं छापलं. ते चुकीचं होतं. त्यांनी लिहिलं होतं की एपस्टीनच्या जबरदस्तीमुळे तिने मिन्स्कींसमोर आपण राजी आहोत असं दाखवलं असावं. हा फरक मोठा आहे. मुलींनी ती बातमी वाचून मत केलं असेल, तर हा फरक त्यांना जरूर सांगा. उद्या ज्येष्ठांनी तेवढाच धागा धरून सगळं प्रकरण उसवू नये, यासाठीही ते गरजेचं आहे.

कारण प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही. २००६ मध्ये त्यांनी स्वतःच्या संकेतस्थळावर, मुलांशी ‘स्वेच्छेने’ झालेल्या लैंगिक संबंधांनी त्यांचं नुकसान होतं याबद्दल आपल्याला शंका आहे, असं लिहिलं होतं. ते वाक्य तिथे तब्बल १३ वर्षं होतं. वाद पेटल्यावर, २०१९ च्या त्याच सप्टेंबरात, त्यांनी मत बदलल्याचं जाहीर केलं. आणि व्याख्यानांतल्या त्यांच्या त्या सोंगाचं काय? अंगावर झगा, डोक्यामागे जुन्या हार्ड डिस्कच्या चकतीचं तेजोवलय, ‘सेंट इग्न्युशियस’ म्हणून आशीर्वाद. इथवर गंमत आहे, मलाही हसू येतं. पण त्यात ‘इमॅक्स (त्यांनीच लिहिलेला टेक्स्ट एडिटर) न वापरलेल्या कुमारिका’ हा विनोदही असायचा. २००९ मध्ये ग्रॅन कनारिया बेटावरच्या परिषदेत तो झाल्यावर सभागृहातल्या अनेकांना तो बोचला. प्रोग्रॅमरांनी भरलेल्या हॉलमध्ये बायका आधीच बोटावर मोजण्याइतक्या. त्यातल्या एकीच्या खुर्चीवर बसून हा विनोद ऐकून बघा, सर. तुमच्या मुली याच खुर्चीतून बोलत आहेत.

यावर “अहो, पण त्यांच्या मनात तसं काही नसतं” असं उत्तर मिळेल. खरंच नसेल. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी स्वतःच लिहिलं की समोरच्याच्या भावनांचे बारकावे आपल्याला कळत नाहीत, आणि त्याबद्दल खेदही व्यक्त केला. माणूस म्हणून त्यांच्याविषयी कणव वाटायला हे पुरेसं आहे. २०२३ मध्ये त्यांनी आपल्याला कर्करोग असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्याशी कडाडून भांडलेल्यांनाही वाईट वाटलं असेल. पण चळवळीचा चेहरा म्हणजे लोकांशी बोलण्याचं काम. ज्याला ते जमत नाही असं तो स्वतःच म्हणतो, त्याला त्याच कामावर का ठेवायचं, हा प्रश्न कणव वाटूनही उरतो.

आता २०२१ चा गोंधळ. मला विचाराल तर चळवळीची खरी शोभा तिथे झाली. २०१९ मध्ये स्टॉलमननी एमआयटीतलं अभ्यागत पद आणि फाउंडेशनचं अध्यक्षपद ही दोन्ही सोडली होती. दीड वर्षाने, २१ मार्च २०२१ ला, फाउंडेशनच्याच लिब्रेप्लॅनेट परिषदेत भाषणाच्या ओघात त्यांनी सांगितलं की मी पुन्हा संचालक मंडळावर आलो आहे आणि दुसऱ्यांदा राजीनामा द्यायचा विचार नाही. परिषदेच्या आयोजकांना आणि फाउंडेशनच्या कर्मचाऱ्यांना याची आधी कल्पनाही नव्हती! काही दिवसांत कार्यकारी संचालक, उपसंचालक आणि तंत्रप्रमुख असे तिघेही पायउतार होत असल्याचं जाहीर झालं. स्टॉलमनना हटवा म्हणणाऱ्या खुल्या पत्रावर तीन हजारांहून जास्त सह्या आल्या, गनोम फाउंडेशन आणि टॉर प्रोजेक्टसारख्या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थाही त्यात होत्या. ठेवा म्हणणाऱ्या पत्रावर सहा हजारांहून जास्त. दोन्हीकडचे लोक आपल्याच सह्या मोजत बसले. सह्यांची बेरीज करून चळवळीचा चेहरा ठरत नाही, एवढं मात्र त्यातून कळलं.

कुणाला न सांगता परस्पर ठरवण्याची ही पद्धत तुमच्या गटात होऊ देऊ नका. ज्येष्ठांनी परस्पर फ्लेक्सवाल्याला फाइल पाठवली, किंवा मुलींना खूश करायला तुम्ही रात्रीतून डिझाइन बदललं, तर दोन्ही प्रकार तसेच होतील. बैठक बोलवा. सगळ्यांसमोर बोला, कोण काय म्हणालं ते वहीत लिहा आणि निर्णय लिहून सगळ्यांना पाठवा.

दुसरीकडे त्याच वसंतात डेबियनने, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेल्या लिनक्सच्या एका प्रसिद्ध प्रकाराने, काय केलं बघा. डेबियनच्या डेव्हलपरांनी आपल्या घटनेप्रमाणे मतदान घेतलं. पर्याय होते, स्टॉलमनना हटवा म्हणण्यापासून त्यांना पाठिंबा देण्यापर्यंत. जिंकला तो पर्याय असा, की या विषयावर डेबियन कुठलंही जाहीर निवेदन करणार नाही. अनेकांना हा पळपुटेपणा वाटला. मला थोडा वाटलाही. पण निकाल लागला आणि लोक पॅकेजेस बांधायला परत गेले. डेबियन हे करू शकलं, कारण त्याच्या संस्थापकाने, इयन मर्डॉक यांनी, १९९३ मध्ये सुरू केलेलं काम १९९६ मध्येच दुसऱ्याच्या हाती दिलं होतं. पुढे दरवर्षी निवडणुकीने नेता ठरू लागला. तिथे कुणा एकाच्या चेहऱ्यावर सगळं टांगलेलंच नव्हतं.

ज्येष्ठांना पटेल असा माझा मुख्य मुद्दा आता मांडते. तो भावनेचा नाही, परवान्याचा आहे.

जीपीएलचं कलम बघा. अनेक प्रोग्रॅमवर लिहिलेलं असतं, ‘परवान्याची आवृत्ती २ किंवा त्यापुढची कोणतीही’. ही पुढची आवृत्ती कोण काढणार? फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन. २००७ मध्ये तिसरी आवृत्ती त्यांनीच काढली. म्हणजे फाउंडेशनच्या मंडळावर कोण बसतं, याला खरा वजनदार अर्थ आहे. जगभरातल्या लोकांनी पुढच्या कराराची कोरी जागा त्यांच्या हवाली केली आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मात्र लिनक्सच्या गाभ्याला फक्त आवृत्ती २ लावली, ‘त्यापुढची’ हे शब्दच ठेवले नाहीत. त्यांनी परवाना स्टॉलमनचा घेतला, कोरा चेक दिला नाही. आणि यातून चळवळीचं काय बिघडलं? तो परवाना जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांपैकी एकाला आजही बांधून ठेवतो आहे.

जीसीसीची गोष्टही अशीच. हा कंपायलर, म्हणजे सोर्स कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, मूळ स्टॉलमन यांचा. १९९७ मध्ये कामाची गती आणि बंदिस्तपणा याला कंटाळून काही जणांनी त्याची वेगळी शाखा काढली, ईजीसीएस. १९९९ मध्ये फाउंडेशनने त्या शाखेलाच अधिकृत जीसीसी मानलं. मार्च २०२१ मध्ये जीसीसीच्या सुकाणू समितीने स्टॉलमन यांचं नाव आपल्या यादीतून काढलं, आणि जूनमध्ये योगदान करणाऱ्यांनी कॉपीराइट फाउंडेशनच्या नावे करण्याची सक्तीही सोडली. तरी जीसीसी आजही मुक्त आहे. संस्थापक बाजूला झाल्याने त्याचं स्वातंत्र्य कमी झालं नाही, कारण ते स्वातंत्र्य फोटोत नव्हतं, परवान्यात होतं. आणि ते तिथे घातलं कुणी? स्टॉलमननीच. त्यांचं मोठेपण सांगायचं तर ज्येष्ठांना हेच सांगा. आपल्याशिवाय चालेल अशी वस्तू त्यांनी बनवली. हार घालायचा असेल तर त्याला घाला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये जीएनयूच्याच काही प्रकल्पांच्या सांभाळकर्त्यांनी संयुक्त निवेदन काढलं. त्यांनी स्टॉलमन यांच्या दशकांच्या कामाबद्दल आधी ऋण व्यक्त केलं. मग म्हटलं की त्यांच्या वागण्याने चळवळीच्या मूळ मूल्यालाच धक्का बसला आहे आणि ते सगळ्या जीएनयूचं प्रतिनिधित्व करू शकत नाहीत. हे लिहिणारे बाहेरचे टीकाकार नव्हते, रात्री जागून कोड सांभाळणारे लोक होते. तुमच्या बैठकीत हे निवेदन मोठ्याने वाचलंत तरी निम्मं काम होईल.

संस्थापकाने स्वतःहून बाजूला होणं किती सोपं असू शकतं, याचीही उदाहरणं याच क्षेत्रात आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचे जनक गिदो व्हान रोसम जुलै २०१८ मध्ये भाषेतल्या एका बदलावरून झालेल्या वादानंतर प्रमुखपदावरून उतरले आणि २०१९ पासून पाच जणांची निवडून आलेली समिती काम बघू लागली. टोरवाल्ड्स तर शिवराळपणासाठी प्रसिद्धच होते. २०१८ च्या सप्टेंबरात त्यांनी माफी मागितली, काही आठवडे सुट्टी घेतली, वागण्यात बदल करू म्हणाले आणि ऑक्टोबरात कामाला परतले. त्यांचा चेहरा राहिला, कारण तो राहण्यासाठी त्यांनी स्वतः काहीतरी दिलं. स्टॉलमन यांच्या बाबतीत ही वेळ २०१९ मध्ये येऊन गेली होती. २०२१ चा खेद मात्र परत आल्यानंतरचा आहे. हा क्रम मला खटकतो.

आता एक आडवळण. तुमच्या ज्येष्ठांना वाटत असेल की हे सगळं आजकालच्या पोरांचं खूळ आहे, तर त्यांना मुंबईची गोष्ट सांगा. १९५२ च्या नोव्हेंबरात मुंबईत कुटुंबनियोजनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथेच इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरेंटहूड फेडरेशनचा जन्म झाला. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर आणि आपल्या धन्वंती रामा राव, दोघी तिच्या मानद अध्यक्षा. सँगरबाईंशिवाय अमेरिकेतली ती चळवळ उभी राहिली नसती. पण वंशशुद्धीवाल्यांशी त्यांचे संबंध होते, आणि जुलै २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या प्लॅन्ड पॅरेंटहूडने मॅनहॅटनच्या दवाखान्यावरून त्यांचं नाव उतरवलं. इकडे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्येच मुंबईत आपलं संततिनियमन केंद्र सुरू केलं होतं. कुणाच्या दारावरची पाटी बदलली म्हणून संततिनियमन थांबलं नाही, आणि सँगरबाईंचं नाव इतिहासातून पुसलंही गेलं नाही. पाटी ही येणाऱ्यासाठी असते. दवाखान्यात कुणी कृष्णवर्णीय बाई येणार असेल, तर तिच्याकडे बघून पाटी लिहायची.

तुमचा बॅनरही येणाऱ्यांसाठी आहे. पहिल्या वर्षाची, गावाकडून आलेली, लॅपटॉप नसलेली मुलगी तुमच्या हॉलच्या दारात उभी राहते. तिला स्टॉलमन माहीत नाहीत. ती मोबाइल काढून नाव शोधणार आणि पहिल्या पाच मिनिटांत तिला काय सापडणार, हे तुम्हाला माहीत आहे. मग तिला समजवायला तुमच्या त्या दोन मुलींनाच पुढे जावं लागणार. एका माणसाच्या चुकांचं ओझं त्यांनी का वाहायचं?

शिवाय, सर, आपल्याकडे फ्लेक्सवर चेहरे कमी आहेत का? चौकाचौकात वाढदिवसाचे, निवडीचे, अभिनंदनाचे चेहरे लटकलेले. तुमच्या कार्यक्रमाला एखादा बिनचेहऱ्याचा बॅनर लागला तर उलट लोक थांबून वाचतील. त्यावर मुक्त सॉफ्टवेअरची चार स्वातंत्र्यं मराठीत लिहा : हवं त्या कामासाठी चालवण्याचं, कसं चालतं ते बघून बदलण्याचं, प्रती वाटण्याचं आणि सुधारलेल्या प्रती वाटण्याचं. क्रमांक मात्र शून्य ते तीन असेच द्या. पोरं विचारतीलच, शून्यापासून का? तिथून गप्पा सुरू होतील आणि त्या गप्पांत स्टॉलमन यांचं नाव येईलच, कारण ही यादी त्यांचीच.

आणि ते नाव आलं की लपवू नका. इतिहासाच्या तासाला प्रिंटरपासून २०२१ पर्यंत सगळं सांगा, चुकीच्या बातमीसकट आणि १३ वर्षं राहिलेल्या त्या वाक्यासकट. हा तास ज्येष्ठांनाच घ्यायला सांगा. त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? फक्त एक अट घाला : तास घेण्याआधी त्यांनी त्या दोन मुलींबरोबर तासभर बसून आराखडा ठरवायचा. मुलींनाही सांगा की फोटो उतरला म्हणजे त्यांचं सगळं म्हणणं मान्य झालं असं नाही, आणि गटात स्टॉलमन यांचं कौतुक करणारा माणूस म्हणजे त्यांच्या वक्तव्यांचा समर्थक असंही नाही. दोन्ही बाजूंनी हे ऐकून घेतलं नाही, तर बॅनरवर काहीही छापा, गट फुटेलच.

राहिला पैशाचा प्रश्न. ज्येष्ठांनी खरंच हात आखडता घेतला तर? घेऊ द्या. त्यांच्याशी वैर धरू नका, पुढच्या बैठकीचं निमंत्रण आधी त्यांनाच पाठवा. पण हॉलचं भाडं देणाऱ्याने भिंतीवर काय लागेल ते ठरवायचं, हा पायंडा एकदा पडला की तो मोडत नाही. ‘सॉफ्टवेअर फ्रीडम डे’ सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो. तुमच्या तंत्रनिकेतनाचा सेमिनार हॉल त्या दिवशी बहुधा रिकामाच असेल. प्राचार्यांच्या नावे अर्ज या आठवड्यात द्या, आणि खाली त्या दोन मुलींची सही आयोजक म्हणून घ्या.